खड्ड्यांना विनापरवाना इजा

आहुप्याच्या अलीकडच्या दरीत दोन बोगदे आहेत. रेल्वे येणार म्हणून ते कधीकाळी खोदले. रेल्वे आली नाही, बोगदे राहिले. त्यांच्याकडे जाणारी कच्ची वाट भिमाजीच्या वाडीवरून जाते.

भिमाजीची अडचण साधी होती. बायको लंकाबाईच्या मांडीच्या हाडात मंचरला सळई बसवली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, गचका बसता कामा नये. ती कळंबला बहिणीकडे पडून होती आणि रोज फोनवर एकच विचारायची, "मला घरी कवा नेताय?"

दिवाळी झाली की वाडीतला घरटी एक माणूस वाटेवर राबतो, ही जुनी रीत. यंदा भिमाजीसाठी सगळे दोन दिवस जास्त राबले. खड्डे बुजले, वाट तळहातासारखी झाली. शनिवारी लंकाबाईला आणायचं ठरलं.

शुक्रवारी शहरातून बारा उंच ऑफ-रोड गाड्या आल्या. दीड तासाची वाट पंधरा मिनिटांत संपल्यामुळे मंडळी बोगद्यापाशी खिन्न बसली. त्यांचे प्रमुख आदेशराव यांनी तिथूनच पर्यटन खात्याकडे तक्रार केली.

तिची दखल विलक्षण तत्परतेने घेतली गेली. रस्त्यासाठी वाडीने बावीस वर्षं अर्ज केले होते. साहेब मात्र प्रथमच दिसले, तेही त्याच संध्याकाळी. पंचनाम्यात नोंद झाली : 'साहसी पर्यटन मार्गावरील एकशे चौदा खड्ड्यांना विनापरवाना इजा.'

"साहेब, बायकोला घरी आणायचंय. तिला गचका चालत न्हाई," भिमाजी म्हणाला.

"भाऊ, इथे गचका हेच तर आकर्षण आहे. तुम्ही गचकामुक्त दिवसासाठी अर्ज करा."

"मंग मिळंल?"

"खड्डे पूर्ववत केल्याचा दाखला जोडलात, तर का नाही मिळणार?"

शनिवारी लंकाबाईला आणायचं राहिलं आणि घरटी एक माणूस पुन्हा बाहेर पडला. खड्डे उकरले गेले. माणसं कामाला चोख, त्यामुळे काही पहिल्यापेक्षा खोल झाले. दाखला मिळाला, अर्जही मंजूर झाला. येत्या बुधवारी वाटेवर एकही पर्यटक सोडला जाणार नव्हता. खड्डे मात्र जागच्या जागी राहणार होते.

रविवारी कळंबला बहिणीने, मंगलने, लंकाबाईला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. लाल गाडी खड्ड्यातून उसळत होती. मागे तिचं दार, तिची ओसरी आणि तिथे एकटाच बसलेला भिमाजी.

"थांबव गं जरा," लंकाबाई म्हणाली. "लई वाळलेत." तिला रडू आवरेना.

व्हिडिओ लाखभर लोकांना आवडला. 'रस्ता असाच राहू द्या,' असं अनेकांनी खाली कळकळीने लिहिलं. त्यातल्या बहुतेकांनी त्याच सकाळी आपल्या सोसायटीसमोरच्या खड्ड्याची तक्रार केली होती. तुमचा बुजला ना?