कपाटाची वाटचाल

बाबांचं दगडांचं कपाट सरकलं आहे, हे लेकीच्या लक्षात आलं ते ऑफिसला निघताना. कपाटाच्या शेजारी, भिंतीवर, न उडालेल्या रंगाची बोटभर पट्टी दिसत होती. बाबा भूगर्भशास्त्र शिकवायचे. ते गेल्यापासून लेकीने या खोलीतलं काहीही हलू दिलं नव्हतं. चष्मासुद्धा त्यांनी ठेवला तसाच, पालथा. आणि आता लाव्हाच्या दगडांनी भरलेलं ते धूड आपणहून चालायला लागलं होतं.

“आई, कपाट सरकलंय का गं?”

“मला काय विचारतेस? जमीनच सरकते म्हणायचे ना तुझे बाबा,” आई टाच घासत म्हणाली. घासायला घेतलेला भोकाभोकांचा दगडही ज्वालामुखीतलाच. एवढ्या संग्रहातून आईच्या वाट्याला तेवढा एक आला होता.

लेकीने भिंतीवर पेन्सिलने खूण केली. दोन दिवसांत कपाट खुणेच्याही पुढे गेलं.

दुसऱ्या कुठल्याही घरात “कोणी ढकललं?” एवढंच विचारलं असतं. पण या लेकीला बाबांनी दुधावरची साय चमच्याने सरकवून पृथ्वीची खंडं कशी फिरतात ते शिकवलं होतं. तिने थेट इमारतीच्या सेक्रेटरींना गाठलं. “काका, आपली इमारत एका अंगाला कलतेय.”

“प्राध्यापकांची मुलगी म्हणतेय” एवढं पुरलं. मग एकेकाला आपापल्या भिंतीतल्या भेगा आठवल्या. संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत गाद्यांसकट रस्त्यावर. खालच्या मजल्यावरच्या मावशी माशांची बरणी मांडीवर घेऊन बसल्या. “सकाळपासून कोपऱ्यात दडून बसलेत हो! मुक्या जिवांना आधी कळतं.”

इंजिनिअर आले. बाबांच्या खोलीत त्यांनी फरशीवर काचेची गोटी ठेवली. दारात दाटी करून सगळे श्वास रोखून बघत राहिले. गोटी ढिम्म.

“जमीन ठणठणीत आहे,” असं म्हणत ते कपाटापाशी वाकले, फरशीवरून बोट फिरवलं आणि हुंगलं. “पण पायांखाली साबण कोणी चोपडला?”

लेक वळली. आई खिडकीबाहेर बघत होती. जेवढी उघडी होती तेवढ्या खिडकीबाहेर.

“अर्धी खिडकी अडते त्या कपाटाने,” आई म्हणाली. “लग्न झाल्यापासून सांगतेय. तुझे बाबा असेपर्यंत ते हलवू देईनात, ते गेले तर तू.”

“अगं, मला सांगायचंस तरी!”

“चष्मा उचलला तर दोन दिवस बोलली नाहीस. कपाटाचं कुठल्या तोंडाने सांगू? तेच म्हणायचे, खंडं नखं वाढतात त्या वेगाने सरकतात, म्हणून कुणाला कळत नाही. मीही दुपारी खालचे दगड काढायचे, नखभर ढकलायचे, पुन्हा लावून ठेवायचे.”

“नखभर? चांगलं बोटभर सरकलंय!”

“एखाद्या दिवशी राग जास्त असतो.”

लोक गाद्या उचलून घरी गेले. “मग माझे मासे का दडले?” हा मावशींचा प्रश्न तेवढा अनुत्तरित राहिला.

सकाळी लेकीने ऑफिसची पिशवी खाली ठेवली आणि कपाटाला खांदा लावला. “तिकडून ओढ.”

“हळू. खाली मासे आहेत.”

खिडकी मोकळी झाली. ऊन टेबलापर्यंत आलं आणि चष्म्यावरची धूळ उघडी पडली. आईने तो उचलला, काचा पुसल्या, पुन्हा पालथा ठेवला.

“होता तिथेच ठेवलाय हं.”

तो नखभर सरकला होता. लेकीने पिशवी उचलली आणि चपला घातल्या.