साडूपेक्षा वीतभर मोठी पाटी

वैजनाथरावांनी गाडी घेतली ती गरज होती म्हणून नव्हे, तर शेवगावच्या साडूनं, आप्पासाहेबानं, घेतली म्हणून. साडूची कोरी, ह्यांची जुनी. तिथं इलाज नव्हता. पण साडूच्या गाडीच्या नाकावर लाल पाटी होती, 'चेअरमन, दूध संस्था'. ती पाटी वैजनाथरावांच्या डोळ्यात कुसळासारखी रुतली. ते स्वतः गावच्या यात्रा कमिटीचे उपाध्यक्ष होते. त्यांनी पेंटर गाठला.

"साडूपेक्षा वीतभर मोठी कर."

पेंटर इमानी माणूस. त्यानं दोन वीत मोठी केली. ह्या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत नुसता लाल पत्रा. गाडीचं तोंडच दिसेना.

मे महिन्यात मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली, श्रीरामपूरच्या अलीकडं. दुपारी बाराला जावयांना फेटे. वैजनाथराव थोरले जावई, तेव्हा पहिला मान त्यांचा. पण सासूबाई केशरबाईंचा कायदा होता, की जो वेळेवर हजर त्याच्या डोक्यावर पहिला फेटा. मागच्या कार्यात वैजनाथरावांची एस.टी. पंक्चर झाली आणि पहिला फेटा धाकट्या साडूनं, ह्याच आप्पासाहेबानं, नेला. त्याचा फोटो साडूच्या मोबाईलवर अजून होता. येईल जाईल त्याला दाखवायचा.

ह्या वेळी वैजनाथराव सातलाच निघाले. शेजारी पैठणी नेसलेली सविता. कुकाण्याच्या पुढं गाडीतला काटा लालात गेला आणि बॉनेटमधून वाफ आली.

सविता म्हणाली, "अवो, थांबा. चुलीवरच्या आधणासारखा आवाज येतोय."

नशिबानं समोर वाल्मिकचं गॅरेज होतं. वाल्मिकनं इंजिन निवू दिलं, मग ओलं पोतं टाकून रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी भरलं, पट्टा दाबून पाहिला, पंखा फिरवून पाहिला.

"थर्मोस्टॅट गेलाय, मालक. पाणी फिरू देत न्हाई त्यो."

"मग बदल की. बाराच्या आत पोचायचंय."

वाल्मिकनं तो बदलला. दीड तास गेला. गाडी नव्या नवरीसारखी निमूट निघाली आणि पाच किलोमीटरवर पुन्हा वाफेचा पदर सोडून उभी राहिली.

तेवढ्यात मागून एक पांढरी गाडी आली. वैजनाथराव पटकन बॉनेटमध्ये डोकं घालून बसले, पण पाटी काही लपेना. आप्पासाहेबानं काच खाली केली. आतून गार वारा आला.

"साडूभाऊ! तापली व्हय?"

"न्हाई. जरा इसावा देतोय."

आप्पासाहेबाची नजर पाटीवर गेली. ती इकडून तिकडं जायला बराच वेळ लागला. मग चेहऱ्यावर एक सावली आली. "लई मोठी पाटी हाय," तो पुटपुटला. मग हसून म्हणाला, "हीटर लावा. इंजिनातली उष्णता भाईर पडती. चला, बसता का माझ्या गाडीत?"

त्याच्या गाडीतून उतरायचं, ते वाड्यावस्त्यांनी बघायचं? "तुमी व्हा पुढं," वैजनाथराव म्हणाले.

आप्पासाहेब गेला. गाडी निवल्यावर वैजनाथरावांनी हीटर लावला. बाहेर बेचाळीस अंश, आत त्याहून वर. सविता पैठणीत भिजून गेली.

"माझ्या भावाची वास्तुशांत हाय का माझी अंत्ययात्रा?"

"काटा उतरतोय, बघ!"

"माझा चढतोय."

चार किलोमीटरवर काटा पुन्हा वर. ह्या वेळी गाडी लंकाबाईच्या रसवंतीसमोर थांबली. लंकाबाई साठीची, कमरेला पदर खोचलेली. तिनं सविताला रस दिला आणि गाडीला पुढून न्याहाळलं.

"दादा, गेल्या साली धूळ नको म्हणून मी रसाच्या इंजिनाच्या तोंडावर पोतं बांधलं हुतं. दुसऱ्या मोळीला धूर! इंजिनाला वारं लागतं. तुमी तर पत्राच ठोकलाय."

"पाटी हाय ती. पदाची."

"पद मागं लावा की. मागं काय वारं आडतंय?"

वैजनाथराव पाटीकडं बघत राहिले. पाटी ठेवावी तर फेटा जातो, पाटी काढावी तर साडूला दाखवायचं काय? साडेदहा झाले होते.

"आता काढता का मी ऊस कापायच्या कोयत्यानं काढू?" सविता म्हणाली.

लंकाबाईच्या पान्यानं चार बोल्ट निघाले. पाटी डिकीत मावली नाही, म्हणून मागच्या सीटवर झोपवली. गाडी सुटली आणि काटा मधोमध जो बसला तो हलला नाही.

साडेअकराला वैजनाथराव मांडवात हजर. साडूचा पत्ता नाही! बाराला केशरबाईंनी पहिला फेटा थोरल्या जावयाच्या डोक्यावर चढवला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. वैजनाथरावांनी मान वळवून दाराकडं पाहिलं. पुन्हा पाहिलं. फेटा छान होता, पण मिठावाचून आमटी असावी तसं काहीतरी वाटत होतं.

फोन वाजला. आप्पासाहेब.

"साडूभाऊ, गाडी लई तापलीय. नेवाशाच्या पुढं उभा हाय. कोरी गाडी, काय कळंना."

"मधी कुठं थांबला हुता का?"

पलीकडं आप्पासाहेब खाकरला.

"नेवाशात... फ्लेक्सवाल्याकडं. तुमची पाटी बघितली आन् करमंना. आपली जरा मोठी करून घेतली. ह्या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत."

वैजनाथरावांच्या मिशा हलल्या. "हीटर लावा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते पंगत सोडून उठले.

"कुठं निघाला?" सवितानं विचारलं.

"साडूला आणायला."

"पाटी काढायला सांगाल ना त्येंला?"

"सांगीन की." वैजनाथरावांनी गाडीच्या आरशात बघून तुरा सरळ केला. "पण आधी फेटा बघू दे त्याला."