काळी चारवरून पांढरी पाच

एसटीचा धुरळा दिसला की देवगडच्या सड्यावर माणसं रस्त्याकडे धावायची. आमचे शेजारी आबा मात्र लांब कातळावर पाठमोरे उभे राहून डोळे मिटायचे. ड्रायव्हर ओळखीचा, तो हॉर्न दाबून धरायचा. गाडी गेली की आबा निकाल द्यायचे, "काळी चारवरसून पांढरी पाचार इली." देवळात भजनाला ते पेटी वाजवत; तिच्या पट्ट्यांत हा अर्ध्या सुराचा उतार. बायकोच्या हाकेलाही त्यांनी पट्टी ठरवून दिली होती.

जवळून जाणाऱ्या गाडीचा सूर झटकन उतरतो, लांबच्या गाडीचा हळूहळू. तेवढ्यावरून रस्ता किती दूर ते आबा सांगत. गाव त्यांना वेड्यात काढी. मी शाळामास्तर असून मीही हसत असे.

मग एके दिवशी पेपरात वाचलं, अमेरिकेचे उपग्रह आपला ठावठिकाणा सांगत एकाच सुरात रेडिओवर गात जातात आणि तो सूर कसा उतरतो यावरून बोट आपली जागा काढते. मी ओशाळून पेपर आबांना दिला. "ह्यात नवीन काय आसा?" म्हणाले.

त्यांचा मुलगा वासू मालवाहू बोटीवर होता. आठ महिने पत्र नव्हतं. बोट वाट चुकून कुठेतरी बुडाली असणार, असं चहाच्या दुकानात बोललं जाई. आबा पेपर घेऊन तिथेच गेले आणि बोट चुकणं कसं अशक्य आहे ते सांगू लागले. तसली यंत्रं मोजक्याच बोटींवर असतात, हे मी बोललो नाही. लोक हसले.

"डोळे बांधा माझे," आबा म्हणाले. "खंयय नेऊन उभो करा."

पंचा बांधून, गरागरा फिरवून त्यांना सड्यावर सोडलं. गाडी गेली. आबा म्हणाले, चाळीस पावलं. भरली बेचाळीस. कोणीतरी म्हणालं, नशीब. आबांना पुन्हा फिरवून नव्या जागी उभं केलं, ते तसेच उन्हात दुसऱ्या गाडीपर्यंत थांबले. यावेळी शंभर म्हणाले. एकशे चार भरली. "परत मोजा," आबांनी बजावलं. कोणी हसलं नाही. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

घरी येताना मी म्हटलं, आबा, जिंकलात. ते पंच्याची घडी घालत होते.

"मास्तर, म्हणजे वासूच्या बोटीक कळता, ती खंय आसा?"

कळतं, मी म्हटलं.

"वाट चुकूक नाय ती?"

नाही.

आबा पायरीवर बसले.

"मगे तो पत्र कित्याक धाडणा नाय?"