बार्बाडोसपर्यंत एकच टेबल

जहाजावरच्या धुलाईखोलीतलं मशीन कधीच थांबलं होतं आणि आतल्या कपड्यांचा धनी काही उगवत नव्हता. ग्लेनिसने बरीच वाट पाहिली. मग इकडेतिकडे बघत तिने ते ओले कपडे काढून टेबलावर टाकले आणि आपले आत कोंबले. घरी, स्वान्सीत, तिने असलं काही केलं नसतं. पण जहाज साउदॅम्प्टनहून हिवाळा काढायला बार्बाडोसला निघालेलं. वाटेत ना बंदर ना किनारा, आणि ऊन वाढू लागल्यापासून सगळ्यांनाच थंडीचे कपडे धुऊन टाकायची घाई.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सूप यायच्या आतच थॅकरेबाईंनी तोंड उघडलं. बाई यॉर्कशरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बोलू लागल्या की वाढपीसुद्धा ताठ उभे राहत.

"या जहाजावर एक नीच बाई आहे."

"का हो, काय झालं?" ग्लेनिसने विचारलं.

"आमच्या राल्फच्या चड्ड्या मशीनमधून काढून टेबलावर फेकल्या तिने. येणाऱ्याजाणाऱ्याने बघाव्यात अशा."

शेजारी बसलेला त्यांचा नवरा राल्फ पावाला लोणी लावत राहिला. त्या चड्ड्या ग्लेनिसनेच काढलेल्या. बार्बाडोसपर्यंत टेबल हेच आणि माणसंही हीच. कळलं, तर रोजचा घास या बाईंच्या नजरेखाली गिळायचा. भीतीपोटी ती भलतंच बोलून गेली.

"असल्या बाईला जहाजावरून उतरवलं पाहिजे."

"उतरवणार कुठे? चहूकडे पाणी."

"मग पाण्यात."

थॅकरेबाईंनी तिचा हात दाबला. "अगदी माझ्या मनातलं बोललात. उद्यापासून आपण दोघी तिथे पहारा देऊ. सापडेलच."

"सापडेलच," ग्लेनिस म्हणाली.

एवढ्यात तिचा नवरा ओवेन आला, कडक इस्त्रीचा निळा शर्ट घालून. बसता बसता तो तिच्या कानाशी लागला. "धुतलेल्या कपड्यांत सापडला. गुपचूप आणलास ना माझ्यासाठी? मापाचा आहे अगदी."

ग्लेनिस गारच पडली. तिने कसला शर्ट आणलाच नव्हता. घाईत मशीनच्या तळाशी राहिला असणार तो. समोर थॅकरेबाई चष्मा सावरून कॉलरपासून शेवटच्या बटणापर्यंत ओवेनला न्याहाळत होत्या. आता संपलंच सगळं, असं मनाशी म्हणत ग्लेनिसने डोळे मिटले.

"बघ राल्फ," थॅकरेबाई म्हणाल्या, "पुरुषाने असं राहावं. तुझ्याकडे आहे का असा एक तरी शर्ट?"

राल्फने शर्टाकडे पाहिलं, मग ग्लेनिसकडे. लोण्याची बशी तिच्यापुढे सरकवत तो शांतपणे म्हणाला, "सकाळपर्यंत होता."