मानाच्या जागेवरचा स्विच

आधीच सांगून ठेवतो, चूक माझी नव्हती. आमच्या कारागांडा शहरात कुठल्याही ऑफिसात जाऊन विचारा, नेटवर्कचे स्विच निवडावेत कोणी? लोक माझंच नाव घेतील. निदान दोघं तरी घेतील, आणि त्यातली एक माझी बायको असली म्हणून काय झालं!

आमची मालवाहतुकीची कंपनी नव्या जागेत जात होती. चाळीस फोन, कॅमेरे, दाराचं कार्डाचं यंत्र, सगळं एकेका वायरीवर. नेटही त्यातूनच, वीजही त्यातूनच. या सगळ्या वायरी ज्या डब्यात येऊन जुळतात तो स्विच, आणि मी असे झकास दोन निवडले. एकावर एक रचायचे, मागून जोडायचे, की दोघं मिळून एक होतात. एक प्रमुख, दुसरा त्याचं मुकाट ऐकणार. वीज तर अशी की सगळ्या फोनांना पुरून उरावी.

पण आमचे साहेब जुमागाली आगा यांच्या व्याह्यांचं दुकान याच मालाचं! बेकमुखान त्यांचं नाव. त्यांचे डबे स्वस्त, पण ना एकमेकांना जोडता येत, ना अर्ध्याहून जास्त फोनांना वीज पुरत. आमच्याकडे म्हणतात, जावयाचं नातं शंभर वर्षांचं, व्याह्याचं हजार वर्षांचं. आता हजार वर्षांपुढे माझं काय चालणार? तरी मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, माझे स्विच बंद पडले तर मीच ते काढून व्याह्यांचे बसवीन, आणि झेझकाझ्गानच्या डेपोत ट्रक मोजत बसेन. साहेब शांतपणे म्हणाले, कबूल. बायकोला मी हे सांगितलं नाही, कारण झेझकाझ्गानला माझी आई राहते.

उद्घाटनाच्या सकाळी सगळं सुरळीत होतं. तेवढ्यात साहेब सर्व्हरच्या खोलीत डोकावले. कोपऱ्यात जमिनीवर आमचा जुना स्विच चालू होता, फक्त हिशेब विभागापुरता. कंपनी सुरू झाली तेव्हा साहेबांनी स्वतः आणलेला. त्यांचा चेहरा उतरला.

"हा खाली? मेइराम, हा आपल्या ऑफिसातला थोरला. तुझ्या घरी थोरल्यांना दारापाशी, जोड्यांजवळ बसवतात का?"

आमच्याकडे थोरला बसतो तो दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी. हिशेब सांभाळणाऱ्या रौशन आपाय, आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताई, त्याही चुकचुकल्या. मी काय करणार? होता त्याच कंपनीचा, जोडता येण्यासारखा. उचलला आणि नव्या दोघांच्या डोक्यावर बसवला. तोही चालू ठेवूनच, कारण आपायना पगाराचं काम थांबायला नको होतं. प्रमुख कोण, हे मी ठरवून द्यायला हवं होतं, मान्य. पण मला कोणी काही ठरवू देतं का?

स्विचही आमच्याच रीतीचे निघाले. त्यांच्यात जो सगळ्यात जास्त वेळ जागा, तो प्रमुख. थोरल्याने सूत्रं हातात घेतली. त्याच्या काळी फोनला वायरीतून वीज द्यायची पद्धतच नव्हती. त्याने नव्यांना आपले नियम शिकवले, आणि त्या आज्ञाधारक गाढवांनी माझी सगळी सेटिंग्ज पुसून ते नियम घेतले.

चाळीस फोन एकदम विझले. कॅमेरे गेले. दार उघडेना. आत भुकेले पाहुणे. बाहेर, काचेपलीकडे, मानकऱ्यापुढे ठेवायचं मेंढ्याचं उकडलेलं मुंडकं ताटात घेऊन उभा आचारी. पाहुण्यांना ते दिसत होतं, हेच वाईट.

मानाच्या जागी बसलेल्या व्याह्यांनी मेलेला फोन कानाला लावून पाहिला आणि हळूच ठेवला. "जुमागाली, माझे डबे गाडीतच आहेत हो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला झेझकाझ्गान दिसलं. दारात उभी आई दिसली, तिच्यामागे माझी बायको.

मी धावत खोलीत गेलो आणि थोरल्याची विजेची वायर शोधायला मागे वाकलो. आपाय पाठोपाठ आल्याच.

"अरे, थोरल्याला उठवतोस?"

"उठवत नाही, आपाय. आराम देतोय."

वायर उपटली. आपायच्या वायरी नव्या स्विचमध्ये खोचल्या, लॅपटॉपमधली सेटिंग्ज परत भरली. तोंडाने शिव्या चालूच होत्या. हळूहळू दिवे लागले, फोन सगळे एकदम वाजायला लागले, दार उघडलं, मुंडकं आत आलं. म्हटलं, आता या म्हणावं व्याह्यांना!

तोवर बाहेर आपायनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. थोरल्याला नुसतंच नेऊन बसवलं, स्वागताचा एक शब्द नाही, म्हणून तो रुसला. मेइरामने वाकून माफी मागितली तेव्हा कुठे प्रसन्न झाला. सगळ्यांना ते पटलंही.

मुंडकं व्याह्यांपुढे ठेवलं. त्याचा कान कापून मानकरी तो सगळ्यात लहान मुलाला देतो, पोराने मोठ्यांचं ऐकावं म्हणून. पंगतीत तीन लहान मुलं होती. व्याही त्यांना ओलांडून माझ्यापाशी आले. मी एकेचाळीस वर्षांचा आहे.

"घे पोरा," ते म्हणाले. "मोठ्यांचं ऐकत जा."

अहो, ऐकलं म्हणूनच तर सगळं बंद पडलं होतं! पण तोंडात कान होता.

माझे स्विच राहिले, मीही राहिलो. थोरला अजून सगळ्यात वर आहे, अंगावर आपायनी भरतकाम केलेलं कापड. साहेब पाहुण्यांना आणून दाखवतात, ऑफिस याच्यावर चालतं. त्याची विजेची वायर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. परवा साहेब म्हणाले, असेच जुने आणखी दोन व्याह्यांकडून मागवू. मी साफ नकार दिला. मनातल्या मनात.