वेढ्याचं काय झालं

क्लिफर्डला बघायला जाताना केळी न्यायची की पुस्तक, एवढाच प्रश्न होता. कॉन्रॅडने पुस्तक नेलं. भुईगावात आजाऱ्याकडे लोक गावठी अंडी नेतात, वाडीतली केळी नेतात, फार तर शहाळं. युद्धाच्या इतिहासाचा विटेएवढा पहिला खंड आजवर कोणी नेला नव्हता. पोटाचा कॅन्सर झालेल्या माणसाला तोफा कशाला, असं विनीने दारातच नवऱ्याला विचारलं. केळी त्याला पचत नाहीत, असं कॉन्रॅडने सांगितलं. (हे खरं होतं. त्याचे बहुतेक मूर्खपणे अशाच एखाद्या खऱ्या गोष्टीपासून सुरू होत.)

कॉन्रॅड वालीवच्या एका कारखान्यात जन्मभर स्टोअरकीपर होता. त्यामुळे लढाईत कोण शूर निघालं यापेक्षा बूट कुठवर पोचले, खेचरांना दाणा कुठून आला, पाण्याची पिंपं कोणी फोडली, यातच त्याचा जीव रमे. असल्या पुस्तकांनी घरातला पाहुण्यांचा पलंग केव्हाच काबीज केला होता. पाहुणेही येईनासे झाले होते, कारण आलेल्याला एखादं पुस्तक गळ्यात मारल्याशिवाय तो सोडत नसे. वसईच्या किल्ल्यावरचं मात्र एकही पुस्तक त्याच्याकडे नव्हतं. तिथे कोण जिंकलं ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत, मग वाचायचं काय? शिफारस करताना त्याचा नियम एकच होता: निकाल सांगायचा नाही. नकाशे बघत, पान न गाळता, वाचणाऱ्याने स्वतः तिथवर पोचायचं. आजवर कोणीही पोचलं नव्हतं.

क्लिफर्ड मात्र निघाला. शाळेपासूनच्या या मित्राने लग्नपत्रिकेपलीकडे कधी काही वाचलं नव्हतं, पण अंथरुणाला खिळल्यावर तो पुस्तकातल्या वाळवंटी किल्ल्याच्या वेढ्यात असा अडकला की केमोला जातानाही खंड सोबत नेऊ लागला. किल्ल्यातलं पीठ संपत आलंय, मदतीची फौज अजून डोंगरापलीकडे आहे, यावर दोघं तासन्‌तास बोलत. हा गोळी चुकवतो पण पान चुकवत नाही, अशी त्याची बायको प्रिस्का तक्रार करी. उभ्या आयुष्यात एक खरा वाचक मिळाला आणि तोच जायला निघाला, या विचाराने कॉन्रॅडला रडू यायचं. मग तो क्लिफर्डवरच डाफरायचा, की जरा भरभर वाच.

दुसरा खंड संपला आणि क्लिफर्डच्या हातात पुस्तक धरवेनासं झालं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. फादर ॲलिस्टर आले, त्यांनी कपाळाला पवित्र तेल लावलं, प्रार्थना झाली. घरातली माणसं गुडघ्यांवरून उठतात तोच क्लिफर्डने कॉन्रॅडचं मनगट धरलं.

"कॉनी, तिसरा खंड काय होत नाय आता. किल्ला पडला की राहिला, तेवढं सांग."

कॉन्रॅडने तिथल्या तिथे नियम मोडायचं ठरवलं. मित्रापुढे नियम कसला? उत्तर दोन शब्दांचं होतं. पण दोन अख्खे खंड वाचलेल्या माणसाला नुसता निकाल ऐकवणं त्याला अपमानासारखं वाटलं.

"सांगतो," तो म्हणाला, "पण आधी खेचरांचं लक्षात घे."

फादर घाईघाईने अंगणात निघून गेले. कॉन्रॅडने खिंड सांगितली, खिंडीतला चिखल सांगितला, चिखलात रुतलेले बूट सांगितले. विनीने मागून कोपर मारलं. क्लिफर्डने एकदा डोळे उघडून, पडला का, असं विचारलं. त्याच्यावरच येतोय, असं म्हणून कॉन्रॅड नदीवरच्या पुलाकडे वळला. फौज पूल ओलांडत होती, तेव्हा मनगटावरची पकड सैल झाली. प्रिस्काने पुढे होऊन नवऱ्याचे डोळे मिटले. कॉन्रॅडला कोणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दफनभूमीत सगळ्यांनी माती दिली. कॉन्रॅडची पाळी आली तेव्हा मूठ भरून तो खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला आणि खाली वाकला. त्याला हळू बोलायचं होतं, पण जन्म मशीनच्या आवाजात गेलेला, त्यामुळे फाटकापर्यंत ऐकू गेलं.

"क्लिफर्ड, किल्ला पडला नाय. मदत पोचली."

मग त्याने माती सोडली आणि पोरासारखा रडला. उशिरा का होईना, माल पोचता केला, असं त्याला वाटलं. फादरांची प्रार्थना मध्येच थांबली होती, ती जरा वेळाने पुन्हा सुरू झाली.

लोक पांगल्यावर फादर ॲलिस्टर त्याच्याजवळ आले. सांत्वन करतील म्हणून कॉन्रॅडने रुमाल काढला. आजाऱ्याला कम्युनियन द्यायला जायचो तेव्हा क्लिफर्ड अंकलनी पहिला खंड माझ्याही हातात ठेवला होता, असं फादरांनी सांगितलं. निकाल कोणाला विचारायचा नाही, अशी शपथसुद्धा घातली होती.

"दुसरा अर्धा झाला होता माझा, अंकल," ते म्हणाले. "तिसरा आता नका पाठवू."