ध्रुपद धरणारा वैमानिक

अमोघने "हं" म्हणायचं सोडलं आणि घरात संशय शिरला.

त्याआधी इतकी वर्षं त्याला काहीही सांगितलं तरी उत्तर एकच असे, "हं." काम व्हायचं की नाही ते देवाला ठाऊक. पण त्या दिवशी सकाळी मंदाताई म्हणाल्या, "अमोघ, येताना गहू दळून आण, बाजरी वेगळी ठेव आणि सयाजीगंजातून बाबांच्या गोळ्या आण." शर्टाची बटणं लावता लावता चिरंजीव अगदी सपाट आवाजात म्हणाले, "गहू दळून आणतो, बाजरी वेगळी, सयाजीगंजातून गोळ्या."

मंदाताईंच्या हातातला झारा कढईवरच थांबला. "अहो, ह्याला बरं नाहीये."

"बरं नाही कसं? पहिल्यांदा बरा दिसतोय," पेपरातून डोकं वर काढून जनार्दनराव म्हणाले. पण पेपर त्यांनी पुन्हा उघडला नाही. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच गोष्टींचा नाद होता. एक कीर्तनाचा आणि दुसरा "असं का?" विचारण्याचा.

असं का, ते एकट्या त्याच्या बायकोला, प्राचीला माहीत होतं. अमोघला हेलिकॉप्टर चालवायचं होतं. हौस म्हणून नव्हे, पोटापाण्यासाठी. कोयलीच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडायची, दोन वर्षं दक्षिणेतल्या एका शाळेत शिकायचं आणि मग समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं न्यायची-आणायची. वैद्यकीय तपासणी झाली होती. आता रेडिओवर बोलण्याची परीक्षा होती आणि तिचा सराव नवरा-बायको रोज संध्याकाळी गच्चीवर करत. प्राची कंट्रोल टॉवर व्हायची. नियम असा की टॉवर जे सांगेल ते वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणायचं. आणि सांगितलेलं जमण्यासारखं नसेल तर मान डोलवायची नाही, स्वच्छ "अनेबल" म्हणायचं आणि कारण द्यायचं. सवय जिभेला लागली आणि जीभ काही गच्चीवर ठेवून खाली येता येत नाही.

"सोमवारी राजीनामा द्यायचाय," प्राची म्हणाली. "बाबांशी बोललास?"

"बोलतो ना."

"दोन वर्षं मी आणि आपली छोटी ईशानी त्यांच्याजवळ राहणार. ते मनापासून हो म्हणाले नाहीत तर मी तुला पाठवणार नाही. मागून तोंडं फुगलेल्या घरात मला राहायचं नाही."

अमोघ त्या रात्री बोलायला गेला, पण जनार्दनरावांनी त्यालाच हाताला धरून बसवलं. आठवडाभर त्यांनी पोराकडे बारीक लक्ष ठेवलं होतं. मुद्दाम अवघड वाक्यं टाकून पाहिली होती. एक शब्द पडत नव्हता की पट्टी हलत नव्हती. कीर्तनात बुवांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरणाऱ्याला, म्हणजे त्यांचीच ओळ परत म्हणणाऱ्याला, आणखी काय लागतं?

"मला कळलंय तुझं काय चाललंय ते," ते हळूच म्हणाले.

अमोघने दाराकडे पाहिलं. "प्राचीने सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? बापाला कान आहेत. अरे, लाजायचं काय त्यात? मी मोहनरावांना शब्द देऊन आलो. रविवारी गोविंदबुवांच्या मागे तू उभा राहायचंस."

मोहनराव म्हणजे सुभानपुऱ्यातल्या कीर्तन मंडळाचे चिटणीस. वडिलांचे डोळे असे भरून आले होते की अमोघच्या तोंडून तेवढंच निघालं, "रविवारी, गोविंदबुवांच्या मागे."

रविवारी सभागृह भरलं. बुक्का लागला, बुवांच्या गळ्यात हार पडला, अमोघच्या हाती झांज आली आणि समोर कोणीतरी माइक सरकवला. पहिल्या रांगेत जनार्दनराव शेजारच्या गजेंद्रभाईंना अर्ध्या गुजरातीत सांगत होते, "माझा मुलगा. कोयलीला परमनंट छे."

पूर्वरंग छान रंगला. बुवांनी ओळ टाकावी आणि अमोघने ती अलगद झेलावी. उत्तररंगात बुवांनी एका सारथ्याची कथा लावली. चांगला राजाचा सारथी, पण त्याच्या मनाने घेतलं की रथ सोडून दुसरंच काही करावं.

"राजा म्हणाला, सारथ्या, रथ डावीकडे वळव," बुवा म्हणाले.

"रथ डावीकडे वळवतो," मागून सपाट आवाज आला.

सभा खुदकन हसली. बुवा मुरलेले होते. त्यांना वाटलं, साथीदार कथेत शिरलाय. "वडाखाली थांब."

"वडाखाली थांबतो."

"वाह," मोहनराव म्हणाले. जनार्दनरावांनी मागे वळून सगळ्यांची तोंडं पाहून घेतली.

मग बुवांनी झांज थांबवायची खूण केली, ते एक पाऊल पुढे आले आणि त्यांनी आवाज खाली आणला. "तेव्हा राजा त्याला म्हणाला, बाबा रे, हातातलं काम सोडून जाऊ नकोस."

"अनेबल," अमोघ म्हणाला.

माइक चांगला होता. शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या आजोबांनाही ते ऐकू गेलं.

बुवा वळले. "काय म्हणालात?"

आता कारण द्यायचं असतं. नियमच तसा. "सोमवारी राजीनामा देतोय," अमोघ म्हणाला. "हेलिकॉप्टर शिकायला जायचंय."

तबल्यावरचा हात तबल्यावरच राहिला. प्राचीने पदर तोंडाशी नेला. मंदाताई एवढंच पुटपुटल्या, "म्हणजे आजारी नाही." जनार्दनराव उभे राहिले आणि सगळी सभा त्यांच्याकडे बघू लागली.

"बुवा," ते म्हणाले, "ह्याला तुम्हीच चार शब्द सांगा. चांगली नोकरी आहे."

गोविंदबुवांनी उपरण्याने कपाळ पुसलं. बराच वेळ पुसलं. "जनार्दनराव, कथा मी सांगतो खरी, पण मी स्वतः बँकेतली नोकरी सोडून इथं उभा आहे. चाळिशीत सोडली. दोन मुलं होती."

"असं का?" जनार्दनराव म्हणाले. राग होताच, पण सवय त्याच्या पुढे धावली. "मग वडील काय म्हणाले तुमचे?"

"वर्षभर बोलले नाहीत. मग एक दिवस आले आणि शेवटच्या रांगेत बसले. पुढच्या वेळी पुढच्या रांगेत. पण ते वर्ष वाया गेलं, हो. दोघांचंही."

बुवांनी कसाबसा सारथ्याला मुक्काम गाठून दिला. आरती झाली. जनार्दनराव प्रसादाची वाटी घेऊन बुवांजवळ जाऊन बसले. तिथे मोहनराव आले, गजेंद्रभाई आले, खूप वेळ हळू आवाजात बोलणं चाललं. अमोघ चपलांपाशी उभा राहून बघत होता. वडिलांची पाठ तेवढी दिसत होती.

घरी परतताना गाडीत ईशानी झोपली होती. दारात पोचल्यावर जनार्दनरावांनी किल्ली हातात धरली, पण कुलपाला लावली नाही.

"ते हवेत एका जागी उभं कसं राहतं रे?"

अमोघने सांगितलं. दोन हात आणि दोन पाय चार वेगवेगळी कामं कशी करतात तेही सांगितलं. जनार्दनराव ऐकत होते, मध्येच हवेत हात हलवून बघत होते.

"आणि माणसं किती बसतात?"

"लहान असेल तर चार, बाबा."

"वैमानिक धरून?"

"सोडून."

"जा मग," जनार्दनराव म्हणाले. "सून आणि नात आमच्याकडे आहेत, काळजी करू नकोस."

अमोघ खाली वाकला. पायांवर डोकं असतानाच वरून आवाज आला.

"शिकून आलास की पहिली फेरी पावागडची. बुवा, मोहनराव आणि मी, तिघांचं पक्कं झालंय. तुझी आई नको म्हणते, तिला गरगरतं. चौथी जागा गजेंद्रभाईंना कबूल केली होती, पण निघताना तबलेवाल्यालाही हो म्हणून आलो. त्या दोघांपैकी कोणाला नाही म्हणायचं, ते तेवढं तू बघ."